नावाड्याने दोर का सोडला

१

ताईच्या मेजावर सातव्या खंडाचा गठ्ठा होता तसाच होता. सगळ्यात वर एकोणतिसावं प्रकरण, सगळ्यात खाली पहिलं. मात्र तिसावं, शेवटचं प्रकरण, कुठेच नव्हतं.

आणि ते सांगायला ताईकडे वाचा उरली नव्हती.

तिची सून दुपारी कामावरून परतली तेव्हा ताई आतल्या खोलीत जमिनीवर पडलेली होती. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. "किती वेळ पडून होत्या?" डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं. उत्तर कोणाकडेच नव्हतं. "लवकर आणलं असतं तर..." इतकं बोलून डॉक्टर थांबले, आणि त्यांचं ते अर्धं वाक्य आम्ही सगळे घरी घेऊन आलो.

आदल्या संध्याकाळी ताईचा मला फोन आला होता.

"संपलं गं. तिसावं लिहून झालं. नावाड्याने दोर का सोडला ते एकदाचं सांगून टाकलं. आता मी मोकळी."

"का सोडला?" मी विचारलं.

"छापून आलं की वाच. सख्खी बहीण असलीस तरी रांगेत उभी राहा." आणि फोन ठेवला. जन्मभर तिने हेच केलं. लोकांना उंबऱ्यावर आणायचं आणि दार लावून घ्यायचं.

जमिनीखालच्या एका राज्याची ती कथा. तिथे ऊन नाही. घरोघरी दिवे लावत फिरणारी एक पोरगी आहे, तिला सगळे पणती म्हणतात. राजाला तिचा उजेड हवा आहे, फक्त स्वतःपुरता. सहा खंड झाले, आणि सहाही खंड ताईने ऐन मोक्यावर तोडले. एकात भिंत कोसळता कोसळता पुस्तक संपलं, एकात विषाचा पेला ओठांना लागला आणि संपलं. सहाव्यात पणती नावेत बसून पळते, समोर धबधबा, किनाऱ्यावर म्हातारा नावाडी नावेचा दोर धरून उभा. शेवटची ओळ: नावाड्याने दोर सोडला.

त्यानंतर चार वर्षं वाचकांनी त्या नावाड्याला जितक्या शिव्या घातल्या, तितक्या खऱ्या खुन्यालाही कोणी घालत नसेल.

ताई जुन्या वळणाची. हाताने लिहायची, नक्कल ठेवायची नाही. म्हणजे ते प्रकरण जगात एकाच जागी होतं, आणि आता तिथे नव्हतं. माझी सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली. स्वतःच्या दुकानाला स्वतःच काडी लावून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. जळालं काय ते सगळेच सांगतात. मी राहिलं काय ते बघायची.

मी त्या गठ्ठ्यासमोर बराच वेळ बसले. मग उठून प्रकाशकाकडे गेले.

२

प्रकाशकाच्या खोलीत ताईचे सहाही खंड काचेच्या कपाटात होते, बाकीच्या लेखकांचे बाहेर धुळीत. त्याने माझ्यासाठी चहा मागवला, चेहरा जमेल तितका पाडला आणि म्हणाला, "फार वाईट झालं. पण खरं सांगू? रागावू नका."

"रागवायचं की नाही ते ऐकून ठरवते."

"शेवट नसलेलाच बरा. लोक तोंडाने म्हणतात, शेवट द्या, शेवट द्या. दिला की पुस्तक मिटतात आणि दुसऱ्याच्या दुकानात जातात. लटकत ठेवलं की परत येतात. माझ्याकडे एक लिहिणारा आहे. बाईंच्याच शैलीत आणखी चार-पाच खंड सहज काढेल. तुमच्या भाच्याशी बोलणं झालंय, महिनाअखेरीला सही करतो म्हणाला."

"आणि शेवट सापडला तर?"

"तर प्रश्नच नाही, छापीन. बाईंनी लिहिलेलं डावलायला मी काही राक्षस नाही." मग तो पुढे झुकला. "पण नीट शोधलंत ना? तळाची चार पानं निसटून मेजाखाली गेली असतील. गठ्ठा मोठा, तळाची पानं पडतातच."

मी चहा संपवला. माणूस लोभी होता, पण त्याच्या त्या एका वाक्याने मी त्याला मनातल्या मनात सोडून दिलं.

३

ताईची एक खोड होती. नवं प्रकरण लिहून झालं की ती ते गठ्ठ्याच्या वर ठेवायची, म्हणजे तिच्या मेजावर पुस्तक नेहमी उलटं असायचं. प्रकाशकाकडे द्यायच्या आदल्या दिवशी पलंगावर पसरून सगळं सुलटं लावायची. प्रकाशकाने तिचा गठ्ठा पाहिला होता तो सुलटाच. शेवट चोरायला तो आला असता तर त्याने तळाची पानं ओढली असती, आणि मग आपलं पहिलं प्रकरण गेलं असतं. चोराने मात्र न चुकता वरचं उचललं होतं. गठ्ठा उलटा असतो हे त्याला माहीत होतं.

म्हणजे चोर त्या खोलीत ऊठबस असलेला होता. म्हणजे घरचा.

भाच्याला मी समोर बसवलं. त्याने आधीच कपाळाला आठ्या घातल्या.

"मावशी, तू माझी झडती घेणारेस?"

"घेणार. आईने तुझ्या पाठीत घातला असता तो धपाटाही उधार आहे. सही करतोस म्हणे?"

"करतो. मग काय करू? या पुस्तकांचा मला राग आहे, लपवत नाही. मी तापाने फणफणलेला असायचो आणि आई त्या पणतीला विहिरीतून बाहेर काढत बसायची. दुसऱ्या खंडापुढे मी वाचलेलं नाही. तिच्या मेजाला हात लावलास तर याद राख, म्हणायची. अजून लावत नाही."

सून दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "मावशी, मेज मी पुसते. गठ्ठा उलटा असतो हे मला माहीत आहे. माझ्यावर संशय घ्यायचा तर घ्या, पण प्रकरण शोधा. मी या घरात नवी होते तेव्हा सासूबाई माझ्याशी दुसरं काहीच बोलायच्या नाहीत, फक्त पणतीबद्दल बोलायच्या. आमचं नातं त्या पोरीमुळे जमलं. ती घरी पोचते की नाही, एवढं मला कळायला हवं."

त्या दिवशी दोघंही आपापल्या कामावर होती. नातं असलं तरी मी खात्री करून घेतली.

"आणखी कोण येतं त्या खोलीत?"

"अध्यक्ष," सून म्हणाली. "दुसरं कोण? मागच्याच महिन्यात त्यांनी शाळेच्या मास्तरांना वाचक मंडळातून हाकललं, कळलं ना?"

"कशावरून?"

"मास्तर म्हणाले, नावाडी निर्दोष असेल. बस. अध्यक्ष खुर्चीवर चढून ओरडले, गद्दाराची बाजू घेणाऱ्याला इथे जागा नाही! मास्तर छत्री विसरून गेले, ती न्यायलासुद्धा आले नाहीत."

४

अध्यक्ष म्हणजे ताईच्या वाचक मंडळाचे अध्यक्ष. धंद्याने चष्मेवाला. ताईचा चष्मा तोच करायचा, सैल झालेली दांडी आवळायला घरी यायचा, तासन्तास मेजाजवळ बसायचा. दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या दालनात मंडळ भरे. अध्यक्ष उभा राहून ताईची प्रकरणंच्या प्रकरणं तोंडपाठ म्हणून दाखवी आणि मग पुढे काय होणार त्याचे अंदाज सांगे. त्याचा मोठा अंदाज एकच: नावाडी राजाचा हेर, गद्दार, सातव्या खंडात फासावर जाणार. लोक तल्लीन होऊन ऐकत. एकदा मीही गेले होते. गोड आवाजात सांगितलेली कथा ऐकायला मी कुठेही जाते, ती माझी भक्तीच आहे. खोटं कशाला बोलू, माणूस सांगायचा सुरेख.

मी गेले तेव्हा तो दुकानात एका भिंगाच्या कडा घासत होता. मला बघून उठला, खुर्ची पुसून दिली.

"धाकट्या बाई, या. कशा आहेत मोठ्या बाई?"

"आहे तशीच. हाताला धरून काही विचारलं तर दाबते, पण हो म्हणून दाबते की नाही म्हणून, कळत नाही. प्रकाशकाने नेलं का विचारलं, दाबला. मी नेलं का विचारलं, तरी दाबला."

तो हसला नाही. "माझा जीव थाऱ्यावर नाही हो. त्या दिवशी मी सकाळी चष्मा द्यायला गेलो होतो. दारातच दिला. त्यांनी घेतला. बऱ्या होत्या. मी निघालो."

"आत गेला नाहीत?"

"गिऱ्हाईक खोळंबलं होतं."

"प्रकरण कोणी नेलं असेल?"

"प्रकाशक. दुसरं कोण? त्याला शेवट नकोच आहे." भिंग त्याने उजेडाला धरून पाहिलं. "रविवारी मंडळ भरलं होतं. लोक रडत होते. कोणी म्हणालं, आता आपणच आपापला शेवट धरून चालू या. मी म्हटलं, चालू दे. गोष्ट अशीच राहिली तर राहिली. निदान रविवार तरी राहतील."

"आणि त्या नावाड्याला काय शिक्षा करायची ठरवलीत?"

"आता त्याला काय बोलायचं, बाई," तो खाली बघून म्हणाला. "म्हातारा बिचारा. एवढा मोठा दोर धरून उभा, आणि लोक दगड मारतात."

मी त्याचा निरोप घेतला. दोन दुकानं पुढे गेले आणि भर रस्त्यात थबकले, इतकी की मागून येणारा माणूस माझ्यावर आदळला.

५

मी परत आत गेले आणि दुकानाचं दार लोटून घेतलं.

"अध्यक्ष, नावाडी बिचारा कधीपासून झाला?"

"काय?"

"चार वर्षं तुम्ही त्याला गद्दार म्हणालात. मागच्या महिन्यात एका भल्या माणसाला त्याच्यापायी हाकललंत. तेव्हापासून नवं पान छापलेलं नाही, कोणी वाचलेलं नाही. मग तुमचं मत बदललं कशाने?"

"तोंडातून गेलं. माणूस थकलेला असतो."

"बरं. मग आता म्हणा, नावाडी गद्दार आहे. इतकंच म्हणा, मी माफी मागून जाते."

त्याने तोंड उघडलं. मी वाट पाहिली. माझ्याकडे पुरावा म्हणून एक कपटाही नव्हता, आणि ते त्यालाही कळत असणार. तीन शब्द म्हणून तो सुटला असता. पण दहा वर्षं ज्याने त्या कथेवर जीव टाकला होता, त्याला ते म्हणवेना. तो स्टुलावर बसला.

"राजाने तो दोर विणून घेतला होता," तो म्हणाला. "दुसरं टोक राजवाड्यात होतं. धरून ठेवला असता तर पणती ओढली गेली असती मागे, राजाच्या हातात. म्हाताऱ्याला एकट्याला माहीत होतं. त्याने सोडला, आणि सगळ्यांचे शाप घेतले, आणि कोणाला सांगितलं नाही." त्याने डोळे पुसले. "इतकं सुंदर लिहिलंय, बाई."

"चोरलंत का मग?"

"चोरलं नाही. त्यांनी स्वतः दिलं वाचायला. म्हणाल्या, तू पहिला. बस इथे, वाच. माझं डोकं दुखतंय, मी जरा आडवी होते. मी वाचलं. वाचलं आणि कळलं की मी चार वर्षं मूर्ख होतो, आणि सहा महिन्यांत ते सगळ्यांना कळेल. पण ते जाऊ दे, मूर्ख तर मूर्ख. पुढे काय? शेवट वाचून लोक टाळ्या वाजवतील, डोळे पुसतील आणि घरी जातील. रविवारी त्या दालनात मी कोणासमोर उभा राहू? घरी माझ्याशी बोलायला भिंत आहे. मी पानं सदऱ्याच्या आत घातली."

"ताईला काय वाटलं असतं?"

त्याने भिंग उचललं आणि तसंच खाली ठेवलं.  तेव्हा मला दिसलं: डोकं दुखतंय म्हणून ती आडवी व्हायला गेली होती, आणि पडलेली सापडली तीही आतल्या खोलीतच.

"अध्यक्ष, तुम्ही निघालात तेव्हा ती कुठे होती?"

"आतल्या खोलीत."

"काय ऐकलंत?"

"काहीतरी पडलं." त्याचा आवाज जेमतेम येत होता. "मग त्यांनी हाक मारल्यासारखं... शब्द नव्हता. मला वाटलं, पकडला गेलो. पानं पोटाशी होती. मी जिना उतरलो."

आवाज आला तेव्हा सकाळ होती. सून आली दुपारी.

पानं कुठे आहेत, हे मी नंतर विचारलं. त्याने मागच्या मोरीत बादलीत भिजवून त्यांचा लगदा केला होता.

"पण माझ्या डोक्यात आहे," तो घाईघाईने म्हणाला. "शब्द न् शब्द. बाईंचं एकदा वाचलं की मला विसरता येत नाही."

६

मी त्याला पोलिसांकडे न्यायला हवं होतं, असं भाचा म्हणाला. पहिल्यांदाच तो आईसाठी ओरडत होता. पण पोलिसांना शेवट लिहून घेता आला नसता. ज्या माणसाने माझ्या बहिणीला जमिनीवर सोडलं, तिचं पुस्तक त्याच माणसाच्या तोंडात होतं. मी दोन दिवस देवासमोर बसले. सांगणाऱ्याच्या पापाने कथा विटाळत नाही, यावर माझी श्रद्धा आहे. तीच धरून मी त्याला बोलावलं.

तोवर ताई घरी आली होती. बोलणं नव्हतंच, पण समज परतली होती आणि डावा हात चालत होता. अध्यक्षाने काय केलं, ते मी तिला सगळं सांगितलं होतं. तिने डोळे मिटून घेतले होते, उघडले ते दुसऱ्या दिवशी. येऊ दे का त्याला, असं विचारलं तेव्हा मान हलवली. हो.

तो पलंगापासून लांब, दाराजवळच्या खुर्चीत बसायचा. सून वही घेऊन ताईच्या उशाशी. तो म्हणायचा, ती लिहायची. शब्द चुकला की ताई डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर टकटक करायची. पहिल्या दिवशी नावाड्याच्या प्रसंगात त्याने चार ओळी गाळल्या, राजाचं एक वाक्य थोडं गोड केलं. टकटक. त्याने पुन्हा म्हटलं. टकटक. तिसऱ्यांदा त्याने तिचं तिला परत दिलं, आणि मग पुढे लबाडी केली नाही. देवा, कसा म्हणायचा तो! भाचा दाराबाहेर उभा राहून ऐकायचा. पणती धबधब्याच्या आत पोचली, उन्हात बाहेर आली, तेव्हा सुनेची पेन्सिल थांबली आणि भाचा नाक ओढत जिना उतरून गेल्याचं मी ऐकलं. पुस्तकातली पोरगी घरी पोचली होती. सुनेला हवं होतं ते मिळालं.

"आता एकच वाक्य राहिलं," अध्यक्ष म्हणाला. आणि थांबला.

आम्ही वाट पाहत राहिलो.

"धाकट्या बाई, एक विनंती. मंडळात सांगा, पानं गहाळ झाली आणि मला आठवत होतं म्हणून कथा वाचली. पानांचं काहीही सांगा. फक्त तो पडल्याचा आवाज... तो कोणाला सांगू नका. शब्द द्या, की वाक्य देतो."

त्या माणसाची मला कीव आली आणि किळसही आली. ताईकडूनच शिकला होता तो. ऐन मोक्यावर थांबायचं, आणि मग लोक हवं ते देतात. मी तोंड उघडलं. शब्द देऊन टाकावा, असंच माझ्या मनात होतं. बहिणीच्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य होतं ते.

ताईने हात पुढे केला. सुनेकडून पेन्सिल घेतली. डाव्या हाताने, लहान मूल ओढतं तशी वेडीवाकडी, शेवटच्या ओळीखाली एक आडवी रेघ मारली आणि पेन्सिल सोडून दिली.

"अहो, पण वाक्य राहिलंय!" अध्यक्ष उठून उभा राहिला. "बाई, त्याच्यावर सगळं पुस्तक उभं आहे! असं कसं?"

ताईने डावा तळवा डाव्या कानावर ठेवला. उजवा हात पांघरुणावर मेल्यासारखा पडलेला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी वाकले आणि तिचा उजवा कान माझ्या दोन्ही हातांनी झाकला. सुनेने पोरीसारखी कानांत बोटं घातली.

आणि तो म्हणाला. सौदा नाही, अट नाही, मोठ्याने, रडत म्हणाला. त्याच्या पोटात ते राहीना.

माझे हात गुंतलेले होते. मी ऐकलं.

वाक्य फार चांगलं होतं. ताईने आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात चांगलं. तिला ते आठवत होतं की आजारात पुसलं गेलं, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. भाच्याने सही केली नाही. पुस्तक त्या रेघेपाशी संपलं, तसंच छापलं गेलं, लोकांनी वाचलं, डोळे पुसले आणि मिटून ठेवलं. काही कमी आहे असं कोणालाही वाटलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी मी वाचनालयाच्या जिन्याने वर गेले. मंडळ भरलं होतं, मास्तरांना मीच बोलावलं होतं. मी उभी राहिले आणि आतल्या खोलीतून आलेला तो आवाज सगळ्यांना सांगितला.

वाक्य नाही सांगितलं.